कोसे उतरेपर्यंत

वहिनी, तुझ्या घराच्या आढ्याला बियाण्याच्या कोशांच्या माळा अजून टांगलेल्या आहेत. मृग लागला की त्यांतून पाखरे बाहेर येतील, अंडी घालतील आणि गावाचा कोशाचा हंगाम सुरू होईल. तोपर्यंत खोली गार ठेवावी लागते. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बकाराम काका आले, अंगणातल्या रांजणातून पाणी घेतले आणि माळांखाली अंथरलेल्या पोत्यांवर शिंपडू लागले. आपल्या भावकीत ते आता सर्वांत वडील. सुतकातल्या माणसाने बियाण्याजवळ जायचे नाही, हा नियम त्यांच्याइतका कडक कोणी पाळला नाही. तुझे सुतक भावकीच्या चारही घरांना होते, म्हणजे त्यांनाही होते. आदल्या दिवशी तुला खांदा देणाऱ्यांत ते सर्वांत पुढे होते.

मी विचारले, "काका, सुतक आहे ना?"

त्यांनी वळूनही पाहिले नाही. "मले कोनी काही सांगितलं नाई अजून," असे म्हणाले आणि दुसऱ्या पोत्याकडे गेले.

तुझी लेक सरू दारात बसली होती. ती रडता रडता हसली. बाहेरगावच्या पाहुण्यांना काही कळले नाही.

तुझा जन्म कुठला, आजार कोणता, मागे कोण आहे, हे इथे लिहीत नाही. ज्यांना हवे त्यांना ते ठाऊक आहे. मी लिहितो आहे ते त्या एका हंगामाबद्दल. त्यावर आपण दोघे पुढे वर्षानुवर्षे भांडलो. शेवटचे भांडण मागच्या संक्रांतीला झाले आणि अर्धेच राहिले, कारण माझी गाडी सुटायची वेळ झाली होती.

आपली माणसे तलावात मासे धरतात आणि जंगलात रेशमाचा कोसा पाळतात. शहरात मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटते, झाडावर आपोआप लागलेले कोसे आम्ही तोडून आणतो. ते पाळणे काय असते, हे तुझ्याकडून ऐकलेल्या शब्दांतच त्यांना सांगावे लागते. अंडी पानांच्या द्रोणांत घालून ऐनाच्या झाडांना टाचायची. त्यांतून काळ्या दाण्याएवढे जीव निघतात आणि पाने खायला लागतात. एका झाडाचा पाला संपला की ती डहाळी त्यांच्यासकट कापून दुसऱ्या झाडाला बांधायची. चार वेळा ते निजतात, चार वेळा कात टाकून उठतात. चौथ्या झोपेनंतर त्यांना अशी भूक लागते की एक दिवस डहाळी बदलायला माणूस नसला तर ते उपाशी खाली पडतात. खाली मुंग्या असतात, वर कावळे. पोट भरले की ते स्वतःभोवती कोसा विणतात, आणि ते कोसे झाडावरून उतरेपर्यंत त्यांना एकटे सोडता येत नाही. म्हणून राखण करणारा पुरुष हंगामभर जंगलातच खोपी करून राहतो आणि नेम पाळतो. एक वेळ जेवायचे, स्वतःच रांधायचे, जमिनीवर निजायचे, डोक्याला तेल नाही, वस्तरा नाही, बायकोशी बोलणे नाही. मासे नाहीत. तलाव काठोकाठ भरलेले असताना धिवराने मासे खायचे नाहीत. बकाराम काका म्हणायचे, बाकी सगळे नेम देवाने केले, हा एक त्याने आपल्यावर सूड म्हणून केला.

आणि सर्वांत मोठा नेम सुतकाचा. घरात मरण झाले की दहा दिवस त्या भावकीतल्या कोणाही पुरुषाने ऐनाच्या राईत पाय ठेवायचा नाही. मरण दूर गावी झाले असेल तर सुतक त्या दिवसापासून लागत नाही. बातमी कानावर पडते त्या दिवसापासून लागते.

लढाई चालू होती त्या वर्षांतला तो हंगाम. आदल्या उन्हाळ्यात बियाण्याचे कोसे उष्णतेने अवेळी फुटले होते आणि गावाने दुसरीकडून मागून आणलेली अंडी झाडावर चढवली होती. ते पीक बुडाले असते तर पुढच्या वर्षासाठी एकही कोसा उरला नसता. सोमादादाचा ताप पावसाळ्यापासून उतरत नव्हता, म्हणून मी त्याला नागपूरला दवाखान्यात नेले होते. त्याच्या जागी म्हातारे बाबा खोपीत राहायला गेले. आपल्या चार घरांचे चार पुरुष एकाच राईत होते.

दादा दिवाळीच्या आधी गेला. दवाखान्याजवळच त्याचे सर्व करून मी त्याची वळकटी घेतली आणि गोंदियाला गाडी बदलून दुपारी अर्जुनीला उतरलो. गावाची वाट ऐनाच्या राईला लागून जाते. बकाराम काकांनी गोफण फिरवता फिरवता मला पाहिले आणि लांबूनच ओरडले, "काऊन रे बाबू, तिकडं मासे खाऊन खाऊन गाल वर आले! सोमा कसा आहे?"

मी म्हणालो, "वहिनीला सांगतो सगळे. तिला विचारा."

गोफण थांबली. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या वळकटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. पुढे काही विचारले नाही. गोफण पुन्हा फिरू लागली.

तू अंगणात होतीस. फुटक्या कोशांचे हंडे राखेच्या पाण्यात उकळत होते, आणि आधी उकळलेल्या कोशांचे सूत तू उलट्या मडक्याच्या पाठीवर वळत होतीस. शेजारची तुळसाबाई तुझ्यासमोर बसली होती. मला बघून तू उठलीस. हात ओलेच होते. तू माझ्या तोंडाकडे पाहिलेस, वळकटीकडे पाहिलेस, आणि मी तोंड उघडण्याआधी मोठ्याने बोलू लागलीस.

"आला का बाबू? त्याहीचं कसं आहे? सुधारून राहिले ना? बरं झालं. मी म्हनतच होती. ताप उतरला, बरं झालं."

मी एक शब्दही बोललो नव्हतो. तुळसाबाई म्हणाली, "देव पावला बाप्पा." तू वळकटी माझ्या खांद्यावरून काढून घेतलीस आणि घरात गेलीस. मी मागून आलो. तू ती कोपऱ्यात ठेवलीस, तिच्यावर सुपडे पालथे घातलेस आणि दाराकडे पाठ करून उभी राहिलीस.

"वहिनी, दादा..."

"काही सांगू नोको. मीनं तुले काही विचारलं नाई."

"मला सांगायलाच पाहिजे."

"मी आयकत नाई. लेकरं कालच चौथ्या झोपेतून उठले. चार घरचे आहेत झाडावर. आज तू तोंड उघडलंस तं उद्या चार घरचे मानसं खोपीतून घरी येऊन बसतीन."

"किड्यांसाठी तू..."

"लेकरं म्हन."

मी लेकरं म्हटले नाही. मी म्हणालो, "हे खोटे बोलणे आहे."

"खोटं नोको बोलू. गप राह्य. गप राहनं तुले येत नाई, तुह्या बातम्या छापायच्या धंद्यात तेच शिकवत नाई."

"बाबांचा मुलगा आहे तो. बापाला हे कळू द्यायचे नाही?"

तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. "बाबाचा पोरगा, आन माहा कोनी नाई का?" इतकेच म्हणालीस. आवाज चढला नव्हता. बाहेर तुळसाबाई हंड्याखालचे लाकूड सरकवत होती, ते ऐकू येत होते.

थोड्या वेळाने तू मला भात वाढलास आणि दूर बसून सांगितलेस, "सकाळच्या गाडीनं परत जाय. तुह्या तोंडावर सगळं छापून आहे, न शिकलेला मानूसबी वाचन. कोसे उतरले का येजो."

मी सकाळच्या गाडीने परत गेलो.

पुढचे दिवस मी पाहिलेले नाहीत. जे लिहितो आहे ते तुळसाबाईने आणि काही सरूने सांगितलेले. तू स्वतः त्याबद्दल कधी सलग बोलली नाहीस. मी गेलो त्या दिवसापासून तू एक वेळ जेवू लागलीस. डोक्याला तेल लावणे बंद केलेस. बाज उभी करून ठेवलीस आणि जमिनीवर निजू लागलीस. गावातल्या बायकांनी पाहिले आणि त्यांचा समज झाला की सोमा अजून दवाखान्यात आहे, तर त्याची बायको त्याच्या वाटचा नेम पाळते आहे. बायकांना हा नेम सांगितलेला नाही. म्हणून सगळ्यांना त्याचे फार कौतुक वाटले. "पार्बतासारखी बायको पायजे," असे विहिरीवर बोलत. नेम आणि सुतक वरून सारखेच दिसतात. दोन्हींत एकच जेवण, तीच जमीन, तेच कोरडे केस. तू सगळ्या गावासमोर नवऱ्याचे सुतक धरले होतेस आणि गाव तुला शाबासकी देत होते.

कुंकू मात्र तू रोज लावलेस. ते न लावणे म्हणजे बातमी देणेच होते.

आणखी दोन गोष्टी तुळसाबाईच्या लक्षात राहिल्या, त्या वेळी तिला त्यांचा अर्थ लागला नव्हता. तिच्या नातवाचे बारसे होते. तुला पाळण्याशी बोलावले होते. तू "अंग मोडून राहिलं" म्हणून गेली नाहीस. आणि त्या दिवसांत तू कोणाला आपल्या हातचे पाणी दिले नाहीस, कोणाच्या चुलीपाशी गेली नाहीस, तयार सुतालाही हात लावला नाहीस. जी बाई सकाळपासून मडके घेऊन बसायची, तिचे मडके कोरडे पडले होते. तुझ्यावर पुढे कपटाचा आरोप झाला तेव्हा मला वाटले, ही माणसे नियम पाळतात, पण नियम जपण्यासाठी त्याच्याभोवती एवढे कुंपण घालणारे यांच्यात दुसरे कोणी नाही. तुझ्या सुतकाचा स्पर्श तू कोणालाही होऊ दिला नव्हतास. ते सगळे तू एका अंगावर घेतलेस.

कोसे उतरले. चांगले उतरले. मोठे, घट्ट, हलवले की आतला जीव खडखड वाजणारे. बियाण्याचे वेगळे काढून त्यांच्या माळा ओवायला बायका बसल्या. तुला हाक मारली, तू गेली नाहीस.

मी आलो तेव्हा तू अंगणात बसली होतीस. चारही घरांची माणसे गोळा झाली होती. बाबा ओसरीच्या खांबाला टेकून होते, दाढी वाढलेली, पायांना जंगलाची माती. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबू, आता सांग. काय झालं?"

मी सांगितले. एवढे छोटे वाक्य मला तोपर्यंत कधी इतके जड गेले नव्हते. तू बांगड्या जमिनीवर आपटल्यास आणि तुझा जो आवाज निघाला तो मी इथे लिहू शकत नाही. बायकांनी तुला धरले. मला आठवते, त्या आवाजात पहिल्यांदा रडणाऱ्या माणसाचा धक्का नव्हता. तो फार दिवस धरून ठेवलेला आवाज होता आणि अंगणातल्या प्रत्येकाला ते कळले.

दहावे झाल्यावर भावकी बसली. विचारायचे काम बकाराम काकांकडे होते. तुला आधीपासून ठाऊक असले तर चारही घरांनी सुतकात झाडांना हात लावला असे ठरणार होते. मग त्या कोशांचे काय करायचे, आणि बियाण्याचे काय, हा प्रश्न होता. काही जणांचे म्हणणे होते की सगळे तलावात टाकावे.

"पार्बता," काका म्हणाले, "तुले आधी ठाऊक होतं का?"

"मले त्या दिवशी सांगितलं. तुमच्यासमोर."

"सांगितलं कवा, ते नाई विचारून राहिलो. ठाऊक कवा झालं?"

"काका, सुतक ठाऊक असल्यावर लागते का आयकल्यावर?"

"आयकल्यावर."

"मंग मीनं त्या दिवशी आयकलं. त्याच्या आधी मले कोनी काही सांगितलं नाई."

मागून कोणीतरी म्हणाले, "मोठी वकीलीन झाली." एक-दोघे हसले. तेव्हा बाबा बोलले. हंगामात त्यांच्या मुलाचे मरण त्यांच्यापासून लपवले गेले होते, सर्वांत मोठी तक्रार त्यांचीच असायला हवी होती. तू खाली मान घालून त्यांच्याच बोलण्याची वाट पाहत होतीस असे मला वाटले. बाबा तुझ्याशी बोललेच नाहीत. ते बकाराम काकांना म्हणाले, "बकाराम, तुले विचारायचं होतं तं कोसे झाडावर होते तवा काऊन नाई विचारलं? माह्या पोराची वळकटी तुह्या समोरून गावात गेली. तू तं पाह्यली होती."



"मीनं बी नाई विचारलं," बाबा म्हणाले. "मले बी खोपीतून वाट दिसत होती."

त्यानंतर कोणी काही विचारले नाही. माळा आढ्याला गेल्या. आज गावात जेवढे बियाणे आहे ते त्या माळांपासूनचे आहे. हे मी अभिमानाने नाही, हिशेबाने सांगतो आहे. मृगात अर्जुनीच्या या बाजूला जी पाखरे निघतील ती त्याच वंशाची असतील.

आपले भांडण त्यानंतर सुरू झाले. मी म्हणायचो, बातमी ज्याची असते त्याच्याकडे ती पोहोचली पाहिजे. ती कधी पोहोचावी हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याला नाही. तू मडके फिरवत म्हणायचीस, "तुही बातमी आज नाई छापली तं उद्या छापते. माही लेकरं उद्या नाई राहत." मी म्हणायचो, बाबांनी पंधरवडाभर मनात काय सोसले असेल याचा विचार कर. तू म्हणायचीस, "केला. रोज केला. तू नोको शिकवू." एकदा मी फार ताणले तेव्हा तू म्हणालीस की बाबा मरेपर्यंत रोज संध्याकाळी तुझ्या हातचा पहिला घास मागून घेत, आणि ते कशासाठी ते तुम्ही दोघे कधी बोलला नाहीत. मी विषय सोडला. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच काढले. तुलाही ते हवे असायचे असे मला वाटते. त्या निमित्ताने दादाचे नाव निघायचे.

तुझ्या हातच्या जाड्याभरड्या कोशाची चादर मी गेली कित्येक थंडी पांघरतो. पाखरू निघून गेलेल्या फुटक्या कोशाचा धागा सलग निघत नाही. त्याचे तुकडे मडक्यावर वळत वळत जोडावे लागतात, आणि ज्याला येते त्याच्या हातून ते सांधे दिसत नाहीत. तुझ्या चादरीत मी ते उन्हात धरून शोधले आहेत. सापडले नाहीत. मला नागपूरला छापखान्यात पाठवायला बाबा तयार नव्हते, तेव्हा तू त्यांना म्हणाली होतीस, "याच्यानं मासा धरवत नाई, कोसा पाळवत नाई. शाई तरी धरू द्या." त्या एका टोमण्यावर माझे सगळे आयुष्य झाले. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू उठून आत गेली असतीस.

भांडणाच्या शेवटी तू नेहमी एकच वाक्य म्हणायचीस आणि विषय बंद करायचीस. "त्याहीनं बी मले हेच सांगितलं असतं." मागच्या संक्रांतीलाही तेच म्हणालीस. दरवेळी मी टोपी उचलायचो आणि निघायचो. उत्तर माझ्यापाशी होते. ते दिले असते तर तू ज्याला टेकून उभी आहेस ते मी काढून घेतले असते, अशी माझी समजूत होती. तुझ्या घरात बसून हे लिहिताना ती समजूत चूक वाटते. तुला टेकायला काही लागत नव्हते.

दादा गेला त्याच्या आदल्या सकाळी तो शुद्धीवर होता. त्याने मला जवळ बोलावले. तो म्हणाला, "मी गेलो तं पयले तुह्या वयनीले सांगजो. तिनं म्हटलं का कोसे उतरू दे, तं तिचं आयकू नोको."

मी म्हणालो, तू बरा होणार आहेस.

त्याने हात हलवून ते बाजूला केले. "कोसे गेले तं गेले. बियानं कुठूनबी मागून आनता येते. तिले थांबू देजो नोको. ती थांबन, माहीत आहे मले."

वहिनी, त्याने तुला थांबायला सांगितले नव्हते. बाबांनी सांगितले नव्हते, भावकीने नाही, कुठल्याही नेमात ते लिहिलेले नव्हते. चार घरांचे कोसे आणि गावाचे बियाणे तू नवऱ्याच्या शब्दावर वाचवले नाहीस, त्याच्या शब्दाविरुद्ध वाचवलेस, आणि सगळी वर्षे ते त्याच्या नावावर मांडत राहिलीस. निर्णय तुझा होता. एकटीचा होता.

त्याने माझ्याबरोबर तुझ्यासाठी फक्त एवढेच पाठवले होते: "तिले पोटभर रडू देजो."